एकही गोळी चुकली नाही

"एक बी गोळी चुकू देली नाही पोरीनं. पोटची लेक करनार नाही असं केलं."

शेजारच्या अनसूयाबाई ओसरीवर बसून दुसऱ्या एका बाईला सांगत होत्या. तुला नेलं त्याचा तिसरा दिवस होता. मी आत चुलीशी होते आणि मध्ये फक्त पडदा होता. "हाव ना," दुसरी म्हणाली, "घड्याळात पाहून पाहून देत होती. शिकेल पोट्टी घरात असली का असं असते." चहाचं आधण वर येऊन निखाऱ्यांवर सांडलं. मी नुसती बघत राहिले.

आत्या, त्या दोघी खोटं काहीच बोलल्या नाहीत. सकाळी सातला सुई, साडेसातला बारीक पांढरी गोळी, जेवणाआधी बाटलीतलं एका खुणेइतकं औषध, दुपारी लघवीची गोळी, संध्याकाळी बी.पी.ची, आणि पुन्हा बाटलीतली एक खूण. दोन वर्षांत माझ्या हातून एकदाही चुकलं नाही. शेवटच्या चार दिवसांतही चुकलं नाही. त्या चार दिवसांबद्दलच मला तुझ्याशी बोलायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं. तू शपथ घातलीस आणि निघून गेलीस. एक गोष्ट भाऊसाहेबांना सांगायची की नाही, एवढाच प्रश्न माझ्याकडे उरला होता. तो घेऊन मी तुझ्या घरात तुझ्या तेरवीपर्यंत वावरले.

तू मला मागवून घेतलं होतंस. नागपूरला बाबांना पत्र आलं, अक्षर मामांचं, म्हणजे तुझ्या यजमानांचं, पण भाषा तुझी. "एक इंग्रजी वाचनारी पोट्टी पाठव. डॉक्टरच्या चिठ्ठ्या वाचाले घरात मानूस नाही." बाबा हसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅट्रिक होऊन घरीच होते. शाळेत मराठी बोललं तर रागावायचे आणि इंग्रजी बोलायला मला भीती वाटायची. त्यामुळे दोन्ही भाषांत गप्प बसायची सवय लागली होती. बाबांना वाटलं असेल, तिथं हिला नुसतं वाचायचंच तर आहे.

जळगाव जामोदला उतरले त्या दिवशी तू बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे उघडा केलास आणि पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी एकेका दुखण्याची ओळख करून दिलीस. "पह्यले साखर आली. तिच्या मांगं मांगं बी.पी. आलं. मंग हे काळीज सुस्त झालं, तवापासून पाय सुजतात. डोळ्यात मोतीबिंदू हाय. आन् गुडघे तं घरचेच हायेत." मग गोळ्यांची नावं सांगितलीस. लघवीच्या गोळीला जे नाव होतं ते मला इथं लिहवत नाही. बी.पी.च्या गोळीला तू 'फौजदार' म्हणायचीस, कारण ती घेतली की तुला उभं राहताना चक्कर यायची. सुईला 'गांधीलमाशी'. पुढं बुलढाण्याहून ती बारीक पांढरी गोळी आली, तिचं नाव तू 'तीळ' ठेवलंस.

एका अंगात इतकी दुखणी असली की ती एकमेकांशी भांडतात, हे मी तुझ्यामुळे शिकले. गुडघ्याची पुडी घेतली की पाय जास्त सुजायचे. सूज उतरायची गोळी दिली की पायात गोळे यायचे आणि तू ओरडायचीस. थकवा आला की साखरपाणी द्यावंसं वाटायचं आणि साखर तर बंद. मीठही बंद. बिनमिठाच्या वरणाकडे बघून तू एकदा म्हणालीस, "असं वरन तं मेल्यावर कावळा बी खानार नाही." मामा पानाआड चिमूटभर मीठ सरकवायचे. मी बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. न बघितल्यासारखं करणं मला फार सोपं जातं.

सकाळचं पहिलं काम परसात. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात तुझ्या लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त आणि विटेसारखं लाल झालं तर सुई वाढवायची. तू मागून काठी टेकत यायचीस. "काऊन वं सुमे, माह्या मुतात रोज रंगपंचमी पाह्यतं काय?" मला हसू आवरायचं नाही आणि नळी हलायची. कुणीतरी माझ्याशी इतकं उघडं बोलतं याचं मला आधी दडपण आलं. नंतर त्याचीच सवय झाली. माझ्याकडून तू उत्तराची कधी वाट पाहिली नाहीस. बाजारात बायका विचारायच्या, भाची मुकी आहे काय, तेव्हा वांग्यांचा ढीग सावरत तू म्हणायचीस, "बोलत नाही, पन पाह्यते. तुमच्या तराजूत काय हाय ते बी पाह्यते." माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

आता भाऊसाहेबांकडे येते. ते तुझे नुसते डॉक्टर नव्हते, भाऊ होते, आणि सगळं तिथंच बिघडलं. तीसेक वर्षांपूर्वी ते नवे नवे गावात आले तेव्हा तुला विषमज्वर झाला होता, एकवीस दिवस ते सकाळ-संध्याकाळ येऊन उशाशी बसले, आणि बरी झाल्यावर तू त्यांना राखी बांधलीस. ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. भाऊबीजेला ओवाळणीत ते पातळ घालायचे आणि त्यावर टॉनिकची बाटली ठेवायचे. "ताई, हे पातळापेक्षा महाग आहे, सांडू नको." रोज दवाखान्यात जाताना ते आपल्या ओसरीवर टेकायचे, तुझी नाडी धरायचे आणि फडताळातली बाटली उचलून उजेडात बघायचे. बाटलीला खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असायची, एक खाच म्हणजे एक डोस. औषध कितव्या खाचेवर उतरलंय यावरून तू नेमानं घेतेस की नाही ते त्यांना कळायचं. बाटलीवर तुझं नाव असायचं. आत काय आहे ते नसायचं. ते विचारायची पद्धतही नव्हती.

बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे जायचा हट्ट बाबांचा. दिवाळीनंतर तुला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायला लागली होती. मी घरी पत्रात ते लिहिलं आणि बाबांचं उत्तर आलं की तिथं हृदयाचे चांगले डॉक्टर आहेत, ताबडतोब ने. तू आठ दिवस ऐकलं नाहीस. मग तूच तोड काढलीस. भाऊसाहेबांना सांगायचं, डोळे दाखवायला चाललो. "डोळ्याची दवा भाऊसाहेब देत नाहीत. त्याईले वाईट वाटाचं कारन नाही." त्यांनीच आपल्याला सकाळच्या गाडीत जागा धरून दिली. "मोतीबिंदू पिकलाय का विचार गं," मला म्हणाले. मी मान हलवली.

नांदुऱ्याला गाडी बदलली. राजूरच्या घाटात तू डोळे मिटून माझा हात घट्ट धरलास. वर आल्यावर गार वारं लागलं तेव्हा म्हणालीस, "इथं लोक बिमार कायले पडत असतीन?" डॉक्टर शांत होते. त्यांनी तुझ्या छातीला तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली. माझ्या बोलण्यावरून की गप्प राहण्यावरून कोण जाणे, मी कुठल्या शाळेची ते त्यांनी ओळखलं आणि ते माझ्याशी इंग्रजीतच बोलायला लागले. शेवटी चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, ह्यांना दुसरं काही औषध चालू आहे का. तुला इंग्रजी येत नव्हतं. पण प्रश्न तुला कळला. टेबलाखाली तू माझ्या मनगटावर हात ठेवलास. मी म्हणाले, "नो, सर."

त्या दोन शब्दांबद्दल तू नंतर मला गाडीत पेढा दिलास. स्वतः खाता येत नव्हता तरी माझ्यासाठी घेतला होतास.

आणि गोळी लागू पडली, हेही सांगायला हवं. थंडीभर तू बरी होतीस. वाल खुडायला मळ्यात गेलीस, बाजारात बसलीस, सातपुड्याकडे बोट दाखवून मला कुठली डोंगरधार तुझ्या माहेराकडची ते समजावलंस. भाऊसाहेबांना वाटलं त्यांच्या औषधाचा गुण आला. तू त्यांना तसं म्हणूही दिलंस. मला त्याची गंमत वाटली होती. मध्ये एकदा गोळ्या संपल्या आणि बुलढाण्याहून यायला चार दिवस लागले, तर तू उशीला टेकून बसल्या जागी धापा टाकायला लागलीस. तेव्हापासून ती बारीक गोळी चुकू द्यायची नाही हे मी मनाशी पक्कं केलं.

चैत्रात पाय पुन्हा सुजले. भाऊसाहेबांनी बाटली बदलली. आधीचं औषध पांढरट होतं, हे तांबूस. पंधरा दिवसांत तुझं जेवण तुटलं. आवडीची कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात आला तरी तोंड फिरवायचीस. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. एका सकाळी मी नळी उजेडात धरली होती, निळी स्वच्छ. तू म्हणालीस, "आज हिरवी आली का वं?" मी म्हटलं, निळी आहे. "मले तं हिरवी दिसते." नंतर दुधाचा पेला हातात घेऊन विचारलंस, "हळद टाकली काय यात?" भिंतीचा चुनाही तुला पिवळा दिसत होता.

हे तू भाऊसाहेबांना त्याच दिवशी सांगितलंस. त्यांनी नाडी धरली, संथ लागली तो औषधाचा गुण म्हणाले, मग तुझ्या पापण्या वर करून बघितल्या आणि मला विचारलं, "बुलढाण्याचे डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले होते? पिकायला आलाय ना?" तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. ते म्हणाले, "मग त्याचंच आहे. आता उन्हाळा जाऊ दे, पावसाळ्यानंतर काढून टाकू." आत्या, आपण डोळ्यांचं खोटं सांगितलं नसतं तर त्या दिवशी भाऊसाहेब थांबले असते. तीस वर्षांचा अनुभव होता त्यांना. आपल्या थापेनंच त्यांना उत्तर देऊन टाकलं होतं.

त्या रविवारी मी डबा आवरताना तीळगोळ्यांच्या खोक्यातला घडी केलेला कागद उघडला. बारीक इंग्रजी अक्षरं. भूक जाणं, ओकाऱ्या, वस्तू पिवळ्या दिसणं, नाडी मंद होणं. असं काही झालं तर औषध जास्त होत आहे, डॉक्टरांना कळवा. औषध कुठल्या झाडाच्या पानांपासून काढतात त्याचं नावही होतं, डिजिटॅलिस. मी तू झोपलेली असताना मामांचं घड्याळ घेऊन तुझी नाडी मोजली. अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजली. पण गोळी तर मी एकच देत होते. जास्त कशी होईल?

सोमवारी सकाळी बाटली भरून आणायला दवाखान्यात गेले. बाकावर बसून कंपाउंडरच्या मागच्या फळीवरच्या मोठ्या बाटल्या वाचत होते. वाचायला काही मिळालं की लोकांकडे बघावं लागत नाही, म्हणून मी नेहमीच वाचते. त्यानं तुझी बाटली घेतली, एका मोठ्या बाटलीतून मापानं तांबूस अर्क ओतला, वर पाणी घातलं. मोठ्या बाटलीवर इंग्रजीत लिहिलं होतं, डिजिटॅलिसचा अर्क.

भाऊसाहेब पाच पावलांवर होते. एका म्हाताऱ्याचा घसा बघत होते. बाकावर सात-आठ माणसं बसली होती. मी उठले. मला म्हणायचं होतं ते एका वाक्याचं होतं. भाऊसाहेबांनी मान वर करून विचारलं, "काय गं सुमन, ताई कशी आहे?" मी म्हणाले, "बरी आहे." बाटली घेऊन घरी आले.

घरी येऊन तुला सगळं सांगितलं. तुझ्याशी मला बोलता यायचं. तू पलंगावर भिंतीला टेकून बसली होतीस, मांडीत सुपात वाळक्या मिरच्या होत्या आणि तू देठं खुडत होतीस. तू शांतपणे ऐकलंस.

"म्हंजे दोघाची दवा एकच?"

"एकच. दोन्हीकडून मिळून जास्त होतंय. भाऊसाहेबांना सांगायला हवं."

"त्याईले काय सांगतं? का तुमची बहीन सहा महिने झाले, चोरून दुसऱ्याची दवा घेऊन राह्यली?"

"मग सांगू असंच."

"नोको."

"आत्या, तुला काही झालं तर?"

तू देठ खुडलंस, मिरची टोपल्यात टाकलीस. "डॉक्टर काय, कुठं बी भेटते. भाऊ कुठून आनू मी? माह्या राखीची आन हाय तुले. बोलू नोको."

मी म्हटलं, मग दोन्हीतलं एक बंद करू. तू म्हणालीस, बाटली बंद केली तर ते खाचा पाहून ओळखतात. गोळी बंद केली तर काय होतं ते तूही पाहिलं होतंस आणि मीही. मला रडू येत होतं. तू म्हणालीस, "चार रोज जाऊ दे. मीच काई तरी सांगीन त्याईले, माह्या पद्धतीनं." मी रागानं म्हणाले, तुझ्या पद्धतीनं सांगायला तू राहायला हवीस ना. तू हसलीस. त्यावर मी उठून गेले. ते भांडण तिथंच आहे अजून.

मी काय केलं ते तुला माहीत नाही. मंगळवारी सकाळी मी बुलढाण्याच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. दोन पानी, सुंदर इंग्रजीत. लक्षणं, नाडी, दोन्ही औषधांची नावं, आणि त्यांच्या प्रश्नाला मी दिलेल्या उत्तराबद्दल क्षमा. दोनदा कच्चं लिहून पक्कं केलं, कारण एका शब्दाबद्दल मला शंका होती. पोस्टात टाकून येताना मला हलकं वाटलं. आपण काहीतरी केलं, आता मोठी माणसं सांगतील ते करू. भाऊसाहेबांचा दवाखाना पोस्टाच्या वाटेवर आहे. मी त्याच्या दारावरून गेले आणि आले.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. सकाळी तीळ, जेवणाआधी खूण, संध्याकाळी खूण. प्रत्येक वेळी हात पुढं करताना मला माहीत होतं काय देतेय. तुलाही माहीत होतं. तू माझ्याकडे बघत गिळायचीस. बुधवारी गोळी जिभेवर ठेवून म्हणालीस, "बिचारी तीळ. इतकुशी तं हाय."

शुक्रवारी अकराच्या सुमारास तू देठं खुडत होतीस. मी स्वयंपाकघरात सकाळची सुई धुऊन उकळत ठेवली होती. सूप खाली पडल्याचा आवाज आला. आले तर मिरच्या फरशीवर पसरल्या होत्या आणि तुझी मान खांद्यावर पडली होती. मी हाका मारल्या, इतक्या मोठ्यानं की मामा मळ्याच्या वाटेवरून परत धावत आले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

भाऊसाहेब अनवाणी आले. त्यांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकलं, जणू पुन्हा ऐकलं तर काही सापडेल. मग तुझा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन बसले. "ताई, माझंच चुकलं," ते म्हणाले. मी वर बघितलं. "मी हात राखून दिलं गं. डोस कमी पडला."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी मिरच्या गोळा करत होते.

एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगायची आहे. त्या औषधामुळेच तू गेलीस असं मी म्हणत नाही. मला ते कळणार नाही आणि कुणालाच कळणार नाही. तुझं वय झालं होतं, काळीज थकलं होतं, साखरेनं आतून काय काय पोखरलं होतं देव जाणे. कदाचित मंगळवारी सगळं थांबवलं असतं तरी शुक्रवार आलाच असता. कधी मला हे पटतं. मग दुपारी तुझ्या पलंगाकडे नजर जाते आणि पटत नाही. तुझा रागही येतो, आत्या. तू एका माणसाचं मन राखायला निघालीस आणि जन्मभर पुरेल असं ओझं दुसरीच्या डोक्यावर ठेवलंस. ती बोलत नाही हे तुला माहीत होतं. म्हणून तर तुझी शपथ माझ्यापाशी सुरक्षित होती.

आणि तरी ह्या घरात येईपर्यंत मला कुणी कामाचं समजलं नव्हतं. तू समजलंस. सुई कशी टोचायची ते तू स्वतःचा दंड पुढं करून शिकवलंस, पहिल्यांदा वाकडी गेली आणि रक्त आलं तेव्हा म्हणालीस, "जमलं. आता उद्या सरळ जाईन." केसांना तेल लावताना तू मला काही विचारायची नाहीस. मी तेव्हाच सगळं सांगायचे. ते सगळं गेलं. आता मी ज्याच्याशी बोलू शकते असं या गावात कुणी नाही.

दहाव्याच्या दिवशी बुलढाण्याचं उत्तर आलं. नदीवरून परतलो तर पोस्टमन दारात उभा. एका ओळीत लिहिलं होतं की दोन्ही औषधं त्या क्षणी थांबवा आणि पेशंटला घेऊन या. खाली त्यांनी हातानं लिहिलं होतं की मी बाहेरगावी होतो, उत्तराला उशीर झाला. पत्र मी चोळीत ठेवलं. मामांनी विचारलं कोणाचं. मी म्हटलं, नागपूरचं.

बाराव्या दिवशी सकाळी मी बिस्किटांचा डबा रिकामा करायला घेतला. तीळगोळ्यांच्या खोक्यात वीस उरायला हव्या होत्या. अकरा होत्या. मामा ओसरीवर पाय सोडून बसले होते. त्यांचे घोटे फुगलेले मला पहिल्यांदाच नीट दिसले.

"मामा, ह्या गोळ्या कमी कशा झाल्या?"

"मीच घेऊन राह्यलो वं. सकाळी एक. पाय पाह्य माह्ये. तिचंच दुखनं मले लागलं, मंग तिच्या गोळ्या वाया काऊन घालवू? बुलढान्याच्या मोठ्या डॉक्टरच्या हायेत." घोटा चोळत ते म्हणाले, "तिची उरली तेवढी तरी संपवतो."

मी डबा उचलून आत नेला. गोळ्या चुलीत टाकल्या. मामांनी मागोमाग येऊन पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तू पाहिलं असतंस तर मला रागावली असतीस. त्यांना वाटलं मी तुझं काहीतरी जाळलं. कारण सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तेरवीला अंगणात पंगत उठली. माणसं हात धुऊन ओसरीवर टेकली होती, वीस-पंचवीस तरी. अनसूयाबाई पानं उचलत होत्या. भाऊसाहेब मामांजवळ बसले, त्यांच्या पायावर बोट दाबलं, खड्डा पडला तो भरून यायची वाट बघितली. नाडी धरली. मग पिशवीतून बाटली काढली. तांबूस, नवी कोरी पट्टी लावलेली, वर मामांचं नाव.

"सुमन, इकडं ये गं. मामांना सकाळ-संध्याकाळ दोन-दोन खुणा. ताईला दिलं तेच आहे. पण तिच्या वेळी मी भीत भीत दिलं. ह्यांना सुरुवातीपासून वाढवून देतो. तू आहेस म्हणून मला काळजी नाही."

मामांच्या पोटात तुझ्या नऊ गोळ्या होत्या. बाटली माझ्यापुढं धरलेली होती. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणजे बघतच नव्हते, पण मला नेहमी तसं वाटतं. राखीची शपथ आठवली. तुझं हसणं आठवलं. खाली बघून मान हलवली असती तर कुणालाच काही कळलं नसतं.

मी हात पुढं केला नाही. भाऊसाहेबांच्या तोंडाकडे बघितलं. माझा आवाज चिरका आला, पण ऐकू गेला असावा, कारण अनसूयाबाई पानं तशीच धरून उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, ही बाटली मामांना देऊ नका. हेच औषध त्यांनी नऊ दिवस घेतलंय, आत्याच्या उरलेल्या गोळ्यांतून. आत्याला बुलढाण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. डोळ्यांचं आम्ही तुम्हाला खोटं सांगितलं. त्या गोळ्या आणि तुमची बाटली, दोन्हींत एकच औषध होतं, आणि दोन्ही मी माझ्या हातानं देत होते. डोस कमी पडला नव्हता. जास्त होत होता. त्या सोमवारी तुमच्या दवाखान्यात मला ते कळलं होतं, आणि तुम्ही विचारलं तेव्हा मी बरी आहे म्हणाले. आत्यानं नंतर शपथ घातली, पण मी गप्प बसले ते त्यामुळे नाही. लोक बसले होते, आणि मला बोलायची लाज वाटली."